काळ्या खिडकीची धास्ती: नवशिक्यांना कमांड लाइन शिकवताना सुरुवात कुठून करता?

सुखलियाकर

नमस्कार मंडळी,

इंदुरात रामबागेत एका स्नेह्यांचा वरचा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो. तिथे आम्ही दोघं-तिघं लिनक्सची कमांड लाइन (माउसऐवजी शब्द टंकून कॉम्प्युटरला काम सांगायची ती काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल) शिकवायला बसतो. फी नाही, सर्टिफिकेट नाही, शेवटी पोहे मात्र असतात. लॅपटॉप लोकांनी माळ्यावर टाकलेले. विंडोज त्यांना झेपत नव्हतं, डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) झेपतंय.

येणाऱ्यांत बारावी झालेली पोरं आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, चिवडा-लाडवाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक मावशी आहेत आणि जेलरोडवर मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. गंमत अशी की अडचण प्रत्येकाची वेगळी. पोरांना विचारलं, "फोटो कुठे आहे?" तर उत्तर येतं, "गॅलरीत." "गॅलरी कुठे आहे?" "फोनमध्ये." त्याच्या पलीकडे काही असतं हेच ठाऊक नाही. फोनने फाइल नावाची वस्तूच नजरेआड केली आहे, त्यात पोरांचा दोष नाही. काकांचं उलट. डॉसवर (टंकूनच चालवायच्या जुन्या सिस्टिमवर) काम केल्यामुळे डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, त्यांना समजावून सांगावी लागत नाही, पण एंटर दाबायला हात धजत नाही. "काही उडालं तर?" हा प्रश्न दर पाच मिनिटांनी.

आणि दोघं जण एका खाजगी क्लासमधून शिकून आलेत. तिथे कमांडची छापील यादी देऊन पाठ करायला लावली, परीक्षाही कागदावरच घेतली. त्यांना 'सीएचमॉड ७७७' (फाइलच्या परवानग्या बदलायची कमांड) तोंडपाठ आहे, पण आपण आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत हे सांगता येत नाही. ७७७ केल्याने त्या मशिनवरचा कोणीही ती फाइल वाचू, बदलू, चालवू शकतो हेही कुणी सांगितलेलं नाही.

माझं मत असं झालंय की सुरुवातीला कमांड शिकवायच्याच नाहीत, पडदा वाचायला शिकवायचा. आधी प्रॉम्प्ट, म्हणजे टंकायच्या जागेच्या आधी आपोआप येतो तो मजकूर. कोण बसलंय, कुठल्या मशिनवर, कुठल्या फोल्डरमध्ये, आणि शेवटी डॉलर म्हणजे साधा वापरकर्ता, हॅश म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेला. एवढं वाचता आलं की पोरं आपोआप विचारतात, "तो डॉलरच्या आधीचा वाकडा डॅश काय आहे?" मग होम डिरेक्टरी (वापरकर्त्याचं स्वतःचं फोल्डर) सांगायची. विचारायच्या आधी सांगितलं तर एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात.

त्यानंतर मुद्दाम चुका करायला लावतो. एलएस ही फोल्डरमधली यादी दाखवणारी कमांड, तिच्या जागी एलएसएस टाका. 'बॅश: एलएसएस: कमांड नॉट फाउंड.' आता बरोबर एलएस टाका, पण नसलेल्या फोल्डरचं नाव द्या. या वेळी ओळीच्या सुरुवातीला 'एलएस:' येतं आणि शेवटी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. मग मी एकच विचारतो: पहिल्या वेळी तक्रार कोणी केली आणि दुसऱ्या वेळी कोणी? पहिल्यांदा बॅशने, म्हणजे आपण टंकलेली ओळ वाचून प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या शेलने, कारण त्या नावाचा प्रोग्रॅमच सापडला नाही. दुसऱ्यांदा खुद्द एलएसने, म्हणजे प्रोग्रॅम सुरू झाला, त्याला दिलेली वस्तू मिळाली नाही. कोलनच्या आधी कोणाचं नाव आहे ते बघायची सवय लागली की निम्म्या शंका जागच्या जागी सुटतात. मोबाइलवाल्या मुलाला हे सगळ्यात आधी कळलं. तो म्हणाला, "भिया, म्हणजे आधी बघायचं बोंब कोणाच्या घरातून येतेय."

तर प्रश्न असा: तुम्ही कोणी शिकवलं असेल तर सुरुवात कुठून करता? आणि भीतीचं काय करता?

(कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच रोमन, आणि बहुतेक सगळी लहान लिपीत. तिथे मोठं एल आणि लहान एल वेगळे असतात, हेही पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.)

---

जुनी_फ्लॉपी

धागा आवडला. पण पाठांतराला इतकं झोडपू नका हो. आम्ही डॉस शिकलो तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचो, एका मशिनवर तिघं. हात लावायला मिळायचा मोजका वेळ, म्हणून घरून पाठ करूनच जावं लागायचं. 'डिर स्लॅश पी', 'कॉपी कॉन', सगळं वहीत. कॉपी कॉनने फाइल लिहायची आणि कंट्रोल-झेडने संपवायची. तुमच्या त्या काकांना सांगा, लिनक्सवर 'कॅट'पुढे मोठ्याचं चिन्ह आणि फाइलचं नाव टाकायचं, लिहायचं, नव्या ओळीवर कंट्रोल-डी. तीच गोष्ट. एकदम ओळखीचं वाटेल त्यांना.

त्यांची भीती मात्र मला समजते. डॉस ५ मध्ये 'अनडिलीट' होतं. फाइल उडवली तरी डिस्कवरच्या नोंदीतलं नावाचं पहिलं अक्षरच तेवढं बदललं जायचं, म्हणून अनडिलीट विचारायचा, पहिलं अक्षर काय होतं? ते दिलं आणि मधल्या काळात त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसलं, की फाइल परत. लिनक्सच्या 'आरएम'ला (फाइल उडवायची कमांड) असली माया नाही. कचरापेटी वगैरे ती डेस्कटॉपवर, टर्मिनलमध्ये गेलं ते गेलं. म्हणजे काका घाबरतात ते उगाच नाही. 'काही होत नाही, दाबा' असं त्यांना सांगू नका, ते खरं नाही.

---

लष्करवाली

मी ग्वाल्हेरहून. कॉलेजात पहिल्या वर्षाला हेच शिकवते, त्यामुळे गॅलरीवाला संवाद रोजचाच आहे.

सुखलियाकर दादा, एरर वाचायचं पटलं, पण त्याच्याही आधी मी नकाशा घेते. पोरांना फोल्डरचं झाड डोळ्यांसमोर नसेल तर 'नो सच फाइल' वाचूनही उपयोग होत नाही. फाइल तर आहे, मला दिसतेय, मग हा नाही का म्हणतोय? ती आहे हो, पण तू उभा आहेस तिथे नाही.

पूर्ण पाथ आणि सापेक्ष पाथ यांतला फरक मी ग्वाल्हेरच्या बाड्यावरून (आमचा मुख्य चौक) सांगते. पत्ता बाड्यापासून सांगितला तर माणूस शहरात कुठेही असो, पोहोचतो. 'इथून डावीकडे दुसरी गल्ली' म्हटलं तर तो आत्ता कुठे उभा आहे त्यावर सगळं अवलंबून. स्लॅशने सुरू होतो तो बाड्यापासूनचा पत्ता. तुमच्याकडे राजवाडा घ्या. हे एकदा सांगितलं की 'सीडी डॉट डॉट' (एक फोल्डर वर जा) वेगळं शिकवावं लागत नाही.

मग लपंडाव. मी आधीच तीन-चार पातळ्या खोल फोल्डर करून ठेवते आणि कुठल्यातरी एकात एक चिठ्ठी. फक्त पीडब्ल्यूडी (आत्ता कुठे आहोत), एलएस आणि सीडी (दुसऱ्या फोल्डरमध्ये जा) वापरून शोधायची. (पीडब्ल्यूडी म्हटलं की वर्गात कोणीतरी खड्ड्यांवर बोलतोच, तेवढी दोन मिनिटं जातात.) चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पूर्ण पाथ. तासाभरात पोरं न विचारता टॅब दाबायला लागतात, कारण टंकायचा कंटाळा येतो. टॅबने नाव आपोआप पूर्ण झालं नाही तर बहुधा नाव चुकलंय किंवा जागा चुकलीय, हेही त्यांचं त्यांनाच कळतं.

भीतीसाठी माझ्याकडे एकच गोष्ट आहे. आरएम शिकवायच्या आधी मी 'इको तारा' शिकवते. इको म्हणजे दिलेलं तसंच छापणारी कमांड. 'इको'पुढे तारांकन टाकून एंटर. पडद्यावर त्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं. पोरांना वाटतं इको फार हुशार आहे. नाही, इकोला तारा कधी दिसलाच नाही. शेलने आधीच ताऱ्याच्या जागी सगळी नावं मांडली आणि मग इकोच्या हातात दिली. आरएमच्याही हातात तशीच देतो. म्हणून कुठलीही तारेवाली कमांड चालवायच्या आधी तीच ओळ इकोने चालवून बघायची. जे छापलं जाईल तेच उडणार आहे. 'फोटो' आणि तारा यांच्यामध्ये चुकून एक रिकामी जागा पडली तर काय होईल, तेही इकोनेच दाखवते. सगळ्या फोल्डरची यादी समोर आली की वर्ग एकदम शांत.

---

कटकट_कीबोर्ड

सगळं ठीक आहे, पण २०२० नंतरच्या जगात मावशींनी हे का शिकायचं? चिवड्याच्या ऑर्डरी फोनवर येतात. आणि पोरांना कमांड लागलीच तर आता एआयला विचारलं की तो लिहून देतो. हौस म्हणून करत असाल तर करा.

---

सुखलियाकर

@लष्करवाली ताई, इको तारा पुढच्याच रविवारी घेतो. हे मला सुचलं नव्हतं. लपंडावही.

@जुनी_फ्लॉपी काका, 'दाबा, काही होत नाही' आजपासून बंद. प्रत्येकाला सरावाचं एक फोल्डर देतो आणि सांगतो की याच्या आत जे होईल ते होऊ द्या, याची प्रत माझ्याकडे आहे. बाहेर पडायचं तर प्रॉम्प्ट वाचून.

@कटकट_कीबोर्ड, एआय कमांड लिहून देतो हे खरं. पण ती चालवायची की नाही हे कोण ठरवणार? आमच्याकडचा एक पोरगा कुठूनतरी सुडोने (म्हणजे रूटच्या अधिकाराने) सुरू होणारी लांबलचक ओळ चिकटवायला निघाला होता. मी म्हटलं, यातला प्रत्येक शब्द काय करतो ते 'मॅन'मध्ये (कमांडच्या माहितीपानात) बघून सांग, मग चिकटव. दोन शब्दांनंतर तोच म्हणाला, राहू दे. लिहून देणारा मिळाल्यापासून वाचता येणं जास्तच लागतं, असं मला वाटतं.

मावशींचं म्हणाल तर त्यांनीच आम्हाला काम दिलं. त्यांच्या मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीची यादी होती. ओळीत नाव, कॉलनी, रक्कम, मध्ये स्वल्पविराम. त्यांना हवं होतं, कुठल्या कॉलनीतून किती घरांची वर्गणी आली. आम्ही पडद्यावर पायरीपायरीने केलं. आधी 'कट'ने फक्त दुसरा रकाना. आली सगळ्या कॉलन्यांची लांब रांग. मग वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणली, पुढे उभी दांडी आणि 'युनिक डॅश सी'. आकडे आले, पण सुदामानगर तीनदा, लोकमान्यनगर दोनदा, परत सुदामानगर! मावशी म्हणाल्या, "हे चुकतंय." बरोबर होतं त्यांचं. युनिक फक्त लागून आलेल्या सारख्या ओळी एकत्र करतो, मध्ये दुसरी आली की नव्याने मोजतो. मग दोघांच्या मध्ये 'सॉर्ट' (ओळी क्रमाने लावणारा) घातला आणि प्रत्येक कॉलनी एकदाच आली.

ही उभी दांडी, पाइप, एका प्रोग्रॅमचं उत्तर पुढच्याला देते. लिनक्स ज्याच्या धर्तीवर आहे त्या युनिक्समध्ये ती १९७३ साली आली. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी डग मॅकिलरॉय बरीच वर्षं मागे लागले होते, केन थॉम्प्सन यांनी ती बसवली. मी वर्गात यावर जरा जास्तच बोललो, पोहे गार झाले. पण खरंच, एकेक काम नीट करणारे छोटे प्रोग्रॅम जोडायचे ही कल्पना एकदा हाताला लागली की यादी पाठ करायची गरजच उरत नाही.

---

बडोद्याची_लेक

वर्गणीचं उदाहरण मी उचलतेय, सांगून ठेवते. इथे बडोद्यात आमच्या पोळात (म्हणजे तुमच्या आळीत) अशा याद्यांना तोटा नाही.

त्याच यादीवर मी एक अपघात मुद्दाम करून दाखवते. आधी प्रत काढायची. मग 'सॉर्ट यादी', पुढे मोठ्याचं चिन्ह, पुढे परत 'यादी'. म्हणजे सॉर्ट केलेली यादी त्याच फाइलमध्ये ठेव. किती सरळ वाटतं! एंटर. काही एरर नाही. कॅट करून (फाइल पडद्यावर आणून) बघा, फाइल रिकामी. वर्गात 'अगं बाई' होतंच.

कारण समजावायला वेळ द्यावा लागतो, पण तो फुकट जात नाही. मोठ्याचं चिन्ह हे सॉर्टचं नसतंच, शेलचं असतं. शेल सॉर्टला बोलावण्याच्याही आधी ती फाइल लिहायला उघडतो, आणि उघडतानाच कोरी करतो. सॉर्ट वाचायला येतो तेव्हा वाचायला काही उरलेलं नसतं. 'डॅश ओ' देऊन सॉर्टलाच फाइलचं नाव सांगितलं तर तो आधी सगळं वाचतो, मग लिहितो. लष्करवाली ताईंचा तारा आणि हे चिन्ह, दोन्हीकडे मुद्दा एकच आहे: एंटर दाबल्यावर ती ओळ आधी शेल वाचतो, कमांड नंतर. हे ज्याला कळलं त्याला अवतरणचिन्हं का लागतात हेही कळतं. 'गणपती फोटो' असं मध्ये जागा असलेलं नाव विना अवतरण दिलं की शेलच्या लेखी त्या दोन वस्तू.

बाकी घाबरणाऱ्यांसाठी मी आरएमला 'आरएम डॅश आय'चं टोपणनाव देऊन ठेवते. दर वेळी विचारतो, उडवू का?

---

जुनी_फ्लॉपी

बडोदेकर ताई, या टोपणनावाला माझा सक्त विरोध. माणसाला सवय लागते की आरएम विचारतोच. मग तो बेफिकीरपणे तारा टाकतो आणि प्रश्न आला की बघून हो-नाही करतो. एक दिवस दुसऱ्याच्या मशिनवर बसला, तिथे टोपणनाव नाही, विचारणारं कोणी नाही. शिकवायचंच तर डॅश आय हाताने टंकायला शिकवा. तुमचा नोकरीतला सर्व्हर तुमच्या सवयी ओळखत नसतो.

---

बडोद्याची_लेक

तुमचं सर्व्हरवाल्यांसाठी खरं आहे काका. माझ्या वर्गातल्या आज्या कुठल्याच सर्व्हरवर जाणार नाहीयेत. त्यांच्या मशिनवर टोपणनाव राहणार. पोरांचं काढते.

---

चिवडेवाली_मावशी

रविवारच्या वर्गातली मावशी ती मीच. मुलाने धागा दाखवला म्हणून खातं उघडलं.

तुम्ही सगळे फार मोठं मोठं बोलताय. माझी गाडी कुठे अडली होती सांगते. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. मला वाटलं कीबोर्ड बंद पडला, म्हणून मी परत परत टाकत बसले आणि तो म्हणे चुकला. हे आधी सांगा लोकांना.

दुसरं म्हणजे काम झालं तरी तो काही बोलत नाही. फाइलची प्रत काढली, एंटर दाबला, गप्प. झालं की नाही झालं? फोन कसा टिचकी मारून हिरवं काहीतरी दाखवतो. इथे गप्प म्हणजे झालं, बोलला म्हणजे बिघडलं, हे कळायला मला बराच वेळ लागला. आता बरं वाटतं, उगाच बडबड नाही.

आणि एकदा सगळंच थिजलं होतं. काही टाकलं तरी हलेना. मोबाइलवाला म्हणाला, तुम्ही सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबलं असणार. कंट्रोल-क्यू दाबलं तर सगळं धाडधाड आलं. हेही लिहून ठेवा.

---

लष्करवाली

मावशी, तुमचा प्रतिसाद मी छापून वर्गात लावणार आहे!

त्या गप्प राहण्यामागे जुनी कारणं आहेत. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स सुरू झालं तेव्हा पडदे नव्हते, टेलिटाइप होते. टाइपरायटरसारखं यंत्र, उत्तर कागदावर छापून यायचं. मॉडेल ३३ सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचा. 'तुमचं काम यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे' हे वाक्य दर वेळी छापत बसला असता तर माणूस उठून गेला असता. कमांडची नावं दोन-दोन अक्षरी आहेत तीही त्यामुळेच, ती यंत्रं टंकायलाही जड होती. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू सुद्धा त्याच काळातले, समोरून येणारा मजकूर थांबवायला आणि परत सुरू करायला.

---

मोडी_लिपिक

थोडं अवांतर. वर्गणीच्या यादीत नावं देवनागरीत असतील तर दोन ठिकाणी ठेच लागेल, आधीच सांगतो.

टर्मिनलमध्ये 'मराठी' हा शब्द इकोने 'डब्ल्यूसी' या मोजणाऱ्या कमांडकडे पाठवा. 'डॅश एम'ला (चिन्हं) उत्तर येतं ६, 'डॅश सी'ला (बाइट) १६. पोरं म्हणतात अक्षरं तर तीन आहेत. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी ही पाच वेगवेगळी चिन्हं साठवलेली असतात, प्रत्येकाला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट, आणि ओळ संपल्याचं एक वर. मी तर याच उदाहरणावरून बाइट शिकवतो, इंग्रजी शब्दावर हा फरक दिसतच नाही.

दुसरी ठेच 'ऱ'ची. 'दुसऱ्या'तला ऱ काही कीबोर्ड एकसंध पाठवतात, काही र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत. दिसायला सारखा. पण ग्रेपने (मजकूर शोधायची कमांड) शोधलं तर एक सापडतो, एक नाही, आणि युनिक दोघांना वेगळं मोजतो. मावशींच्या यादीत एकाच नावाची दोन घरं निघाली तर आधी हे तपासा. 'यूकॉन्व्ह' नावाचं साधन आहे, त्याने सगळे ऱ एकाच रूपात आणता येतात.

आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून जो पूर्ण काळा पडदा येतो त्यावर देवनागरी बघायला जाऊ नका. त्या कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि आपली जोडाक्षरं तो जुळवत नाही. खिडकीतलं टर्मिनलच वापरा, तिथेही कर्सर जोडाक्षरावर एखादं घर इकडेतिकडे उभा राहतो. फाइल बिघडलेली नसते.

---

सुखलियाकर

मोडी_लिपिक, ऱचा घोळ खरंच सापडला! आत्ताच यादीवर चालवून बघितलं. लिहिणारे दोघं होते, एकाने फोनवरून भरली होती, एकाने लॅपटॉपवरून.

अजून एक विचारायचंय. आता मंडळी लिहायला एडिटर मागतायत. मी नॅनोवर थांबणार आहे, कारण बाहेर कसं पडायचं ते खालीच लिहिलेलं असतं. व्हीआय हा दुसरा एडिटर शिकवा म्हणणाऱ्यांनी निदान त्यातून बाहेर पडायचं तेवढं शिकवा, असं आमचा मोबाइलवाला म्हणतो. आणि घरी जाऊन मराठीत ऐकण्यासारखं काही आहे का? काकांना इंग्रजी व्हिडिओ झेपत नाहीत.

---

बडोद्याची_लेक

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सची मालिका आहे, मराठी आवाजातही आहे. छोटे छोटे भाग आहेत. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला टर्मिनल उघडून, थांबवत थांबवत करायचं. काकांना सांगा, नुसतं बघू नका.

नॅनोला माझंही मत. मात्र त्यांना व्हीआयमध्ये एकदा चुकून अडकू द्या, मग एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह सांगा. कधीतरी 'गिट' (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वगैरे वापरायला लागले की बऱ्याच मशिनवर तो न बोलावता येतो.

---

कटकट_कीबोर्ड

रामबागेत नेमकं कुठे बसता? रविवारी किती वाजता? माझ्याकडे एक जुना लॅपटॉप पडलाय, बॅटरी गेलेली आहे पण चार्जर लावून चालतो.

---

सुखलियाकर

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. चार्जरबरोबर एक्स्टेंशन बोर्डही आणा, हॉलमध्ये प्लग कमी आहेत.